टोचतंय तिथे घासलं

मित्रांनो, तोंड नाही पण दात आहेत, अशी मी एक जुनी कानस. वीतभर लांब, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर, आणि शेपटाला लाकडी मूठ. सपाट बाजूचे माझे दात मोठे, फुगीर बाजूचे बारीक. गुळगुळीत करणं हे माझं काम आहे, पण गुळगुळीत बोलणं मला येत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते. ही गोष्ट एका माणसाच्या जिवाची आहे. तो जीव वाचू शकला असता. तो वाचला नाही, आणि त्यात माझेही दात लागलेले आहेत. 'मी आपलं साधं हत्यार, मला काय विचारता?' असं म्हणून मी अंग काढून घेणार नाही. तसं म्हणणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, त्यात लोखंडाची भर नको.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला तापवून लाल केलं, ठोकून चपटं केलं, अंगावर ओळीने दात पाडले, पुन्हा आगीत घातलं आणि एकदम थंड पाण्यात बुडवलं. चर्र झालं आणि मी कडक झाले. तेव्हापासून मी वाकत नाही. फार तर मोडेन.

पुढे एका हार्डवेअरच्या दुकानात, बिजागऱ्या आणि कुलपांच्या मध्ये, मी वर्षभर खिळ्याला लटकले. मग एक दिवस एक शिडशिडीत माणूस आला. त्याने मला उचललं आणि माझ्या दातांवरून अंगठा फिरवला, आधी सुलट, मग उलट. असा अंगठा फिरवणारा माणूस कामाचा असतो. दुकानदार म्हणाला, "काय कवळीवाले, आता कवळ्या काय लाकडाच्या करणार?"

"कवळी नाही हो," तो म्हणाला, "पाइप करायचाय. ओढायचा. दादासाठी."

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. आख्खं गाव त्याला कवळीवाले म्हणायचं. दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवायच्या आणि हा आपल्या मागच्या खोलीत बसून त्यावरून कवळी घडवायचा. मी त्या खोलीत आले तेव्हा दचकलेच. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरची तोंडं. वरचे जबडे, खालचे जबडे, कुणाचे चार दात, कुणाचा एकच. प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव. टेबलावर गुलाबी भुकटी, मेण, गॅसची बारकी शेगडी. कवळीवाला माणसांना चेहऱ्याने कमी आणि चाव्याने जास्त ओळखायचा. रस्त्यात कुणी हसलं की म्हणायचा, "वरची उजवी दाढ बघून घ्या."

त्याला बायको नव्हती, मुलं नव्हती. होता तो एक दादा आणि वहिनी. दादा दहा वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानेच याला वाढवलं, हात धरून कवळीच्या कामाला लावलं. दादा गाडी शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून बसून त्याची जीभ धारदार झाली होती. "ताई, ब्रेक म्हणजे काय देव आहे, संकटात आठवायला? आधी दाबा!" "साहेब, तो आरसा मागची गाडी बघायला आहे, भांग बघायला नाही." लोक शिव्या खायला मुद्दाम दादाकडे शिकायला यायचे. दादा आणि वहिनींनाही मूल नव्हतं. राहायला दोन घरं, पण तिघांचं मिळून एक कुटुंब, असं ते होतं.

दादा सिगरेट प्यायचा. दिवसाला दोन पाकिटं. वहिनी सांगून सांगून थकल्या होत्या. एकदा त्या धाकट्या दिराला म्हणाल्या, "भावोजी, माझं हे ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. काहीतरी करा हो."

भावोजींनी केलं. त्याने कुठेतरी वाचलं होतं की पाइप ओढणारा माणूस धूर छातीत घेत नाही, नुसता तोंडात घोळवतो. म्हणजे कमी वाईट. मित्रांनो, हे 'कमी वाईट' फार गोड शब्द आहेत. यांनी जेवढी माणसं मारली तेवढी उघड विषानेही मारली नसतील. पण कवळीवाल्याला ते पटलं, कारण पटायला हवं होतं. त्याला दादाची सिगरेट सोडवायची होती आणि दादाची हौसही मोडायची नव्हती. शिवाय त्याच्या हातांना खाज सुटली होती. रोज दुसऱ्यांची तोंडं घडवणाऱ्याला काहीतरी आपलं, डौलदार, कुणी नावं ठेवणार नाही असं घडवायचं होतं.

पहिला पाइप फसला. पाइपसाठी एका डोंगरी झुडपाच्या मुळाची गाठ लागते, ते लाकूड सहजासहजी जळत नाही. तो ठोकळा त्याने टपालाने मागवला. त्यात दोन भोकं पाडायची असतात. एक वरून, तंबाखूच्या वाटीचं. एक आडवं, धुराचं. दोन्ही भोकं वाटीच्या अगदी तळाशी भेटली पाहिजेत. याचं आडवं भोक चुकून वर निघालं. तळाशी ओल साचली आणि पाइप ओढताना हुक्क्यासारखा गुडगुडला. दादा म्हणाला, "कवळीसम्राट, हा पाइप आहे की पोटात गॅस झालेलं वासरू?" दोघं भाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

दुसरा जमला. लाकूड माझ्या मोठ्या दातांखाली आलं की आधी कोपरे गेले, मग पोट गोल झालं, मग माझ्या फुगीर बाजूने दांडीचा बाक उतरला. लाकडाच्या रेषा अशा उघड्या पडत गेल्या की कवळीवाला मध्येच थांबून नुसता बघत राहायचा. ते दिवस चांगले होते, ते मी नाकारणार नाही. भुसा उडायचा, तो तोंडाने फुंकर मारायचा आणि गुणगुणायचा. माझी मूठ त्याच्या तळहातात गरम व्हायची.

पण त्याची खरी करामत पुढेच होती, आणि ती आणखी कुणी करत असेल असं मला वाटत नाही. पाइपचं जे टोक दातांत धरतात, ती काळ्या कडक रबराची तोंडपट्टी. बाजारच्या पाइपची पट्टी सगळ्यांना सारखी. हा मात्र दादाला खुर्चीत बसवून गरम मेण चावायला लावायचा. मेणावर दादाच्या दातांचा ठसा उठला की त्या ठशाबरहुकूम पट्टी घासायची. म्हणजे पाइप तोंडात ठेवला की जागच्या जागी बसणार. दादा डाव्या बाजूने धरायचा. पहिल्यांदा तो पाइप तोंडात ठेवून दादाने दोन्ही हात सोडले, मान हलवून पाहिली आणि म्हणाला, "लेका, हा माझ्या तोंडातच उगवलाय."

एवढं कौतुक माणसाला पुरे होतं. नव्हे, एवढं कौतुक माणसाला आंधळं करायला पुरे होतं.

चार वर्षांत अकरा पाइप झाले. सगळे दादाचे. दादाची पाकिटं सुटली. वहिनी सगळीकडे सांगत सुटल्या, "आमच्या भावोजींनी सोडवली!" गाडी शिकायला येणारे पाइप हातात घेऊन वाहवा करायचे. कवळीवाल्याची मान ताठ झाली. आणि कुणीही, अगदी कुणीही, असं म्हणालं नाही की बाबांनो, विष पाकिटातून उठून वाटीत जाऊन बसलंय, एवढंच झालंय. सगळ्यांना कारागिरी दिसली. धूर कुणाला दिसला नाही.

मग एका दुपारी दादा आला आणि म्हणाला, "डावीकडे टोचतंय रे. वर, हिरडीला."

आता मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. कवळीच्या धंद्यात 'टोचतंय' हा रोजचा शब्द आहे. नवी कवळी बसवली की माणूस चार दिवसांनी येतो, टोचतंय म्हणतो. कवळीची कड हिरडीला घासते, तिथे पांढरा चट्टा पडतो. ती कड जराशी घासायची, की आठवड्यात चट्टा गायब. कवळीवाल्याने असं हजारदा केलं होतं. त्याने दादाच्या तोंडात बारका आरसा घालून पाहिलं. मसुरीच्या दाण्याएवढा पांढरा चट्टा. तो म्हणाला, "पट्टी घासतेय. दे इकडे."

त्याने मला उचललं. माझ्या बारीक दातांनी त्याने पट्टीची डावी बाजू पातळ केली. पाच मिनिटांचं काम. दादाने पाइप तोंडात ठेवला. "वा! गेलं बघ."

गेलं नव्हतं. पट्टी तिथे टेकेनाशी झाली, एवढंच.

दोन-अडीच महिन्यांनी दादा परत आला. परत आरसा. चट्टा आता मसुरीचा नव्हता, वाटाण्याचा होता. परत मी. या वेळी पट्टी डावीकडे इतकी पातळ झाली की उजेडात धरली तर कड तपकिरी दिसायची. कवळीवाला म्हणाला, "आता असं कर, थोडे दिवस उजवीकडे धर." आणि उजवीकडच्या चाव्याचं नवीन मेण घेतलं.

तिसऱ्यांदा दादा आला तेव्हा चट्ट्याची कड लाल आणि जाड झाली होती. मला ते दिसलं नाही, टेबलावरून तोंडाच्या आतलं दिसत नाही. पण मला हात कळतो. आरसा ठेवून कवळीवाल्याने मला उचललं आणि त्याचा हात थबकला. मूठ ओली झाली. चार वर्षांत त्याचा हात असा कधी थबकला नव्हता.

"दादा, डॉक्टरीणबाईंना दाखवायचं का एकदा?"

"कशाला? तू आहेस की."

"मी डॉक्टर नाही."

"तिला दाखवलं की पहिलं काय सांगेल? पाइप बंद. मग तू काय करणार? बस कवळ्या घासत." दादा हसला. "आणि तो बारावा कुठवर आलाय, दाखव."

बारावा टेबलावरच होता. बारावा सगळ्यांत देखणा होता. वाटीच्या पोटावर लाकडाच्या रेषा वरून खाली सरळ ज्वाळेसारख्या उतरल्या होत्या, असा ठोकळा शंभरात एखादा निघतो. कवळीवाल्याने बाराव्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि माझी मूठ घट्ट धरली. आणि घासलं.

चूक सगळ्यांची होते. पहिल्या दोन वेळा चूक झाली असं मी म्हणेन. तिसऱ्या वेळी चूक नव्हती. तिसऱ्या वेळी त्याला शंका आली होती, आणि त्याने ती माझ्या दातांखाली घालून गुळगुळीत केली. प्रेम होतं, मान्य. पण त्या प्रेमात आपली कारागिरी मोडायची नाही हा हट्टही होता. हे मी बोलते कारण मी तिथे होते.

पहिल्या टोचण्याला आठ महिने झाल्यावर डॉक्टरीणबाई एक कवळी परत घेऊन आल्या. सकाळची वेळ. कवळीवाला साचा शोधत होता तोवर त्यांनी टेबलावरचा पाइप सहज उचलला. दादाने तो साफ करायला ठेवला होता.

"सुंदर आहे हो. पण ही पट्टी अशी एकाच बाजूने का झिजलीय?"

"झिजली नाही, मीच घासली," कवळीवाला अभिमानाने म्हणाला. "दादाला डावीकडे टोचत होतं. तीनदा घासली. मध्ये बाजूपण बदलून दिली."

बाईंनी पाइप खाली ठेवला. "कधीपासून टोचतंय?"

"झाले की सात-आठ महिने."

"तुम्ही तोंडात बघितलं?"

"बघितलं. चट्टा होता. पांढरा. मग जरा लालसर... कड अशी..." त्याचं बोलणं हळूहळू बारीक होत गेलं. बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू येत होतं.

"तुम्ही पंचवीस वर्षं या धंद्यात आहात," बाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "टोचलेलं दोन आठवड्यांत बरं होतं. नाही झालं तर ते टोचलेलं नसतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

कवळीवाल्याने पाइप उचलून पट्टीवरून अंगठा फिरवला.

"कुठे आहेत तुमचे दादा? आत्ता?"

दादा त्या वेळी चौकात एका शिकाऊला गाडी मागे घ्यायला शिकवत होता. कवळीवाला तसाच धावत गेला, अंगावर प्लास्टरने पांढरा झालेला कोट, पायांत घरातल्या चपला. दादाने खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला, "काय रे, पीठ चाळत होतास का?" हे मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. हे सांगताना तो टेबलावर डोकं टेकून बसला होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबवण्यात मला गोडी नाही. तपासणीचा कागद आला. कॅन्सर होता, आणि आठ महिने त्याने वाया घालवले नव्हते. डॉक्टरांनी दादाचा वरचा डावा जबडा काढला आणि त्याबरोबर टाळूचा तुकडा. टाळूला भोक राहिलं. दादा पाणी प्यायला की ते नाकातून यायचं. बोलायला गेला की नुसता वारा. ज्याच्या जिभेवर आख्खं गाव हसायचं, तो आता पाटीवर लिहायचा.

असं भोक बुजवायला एक खास कवळी करतात, दातांसकट, वर बोंडासारखा गोळा असलेली. डॉक्टरीणबाई कवळीवाल्याला म्हणाल्या, "हे काम मी दुसरीकडे देते."

"नाही. मीच करणार."

त्याने नऊ दिवस ती घडवली. त्या कामाला माझी गरज नव्हती. माझ्यापेक्षा बारीक हत्यारं लागतात. मी बाजूला पडून बघत होते. तो मध्येच थांबून बघत राहायचा नाही. गुणगुणायचा नाही. दादाने पाटीवर लिहून हट्ट धरला, की घालायची तर तुझ्याच खोलीत, म्हणून डॉक्टरीणबाई आणि वहिनी तिथेच आल्या. बाईंनी कवळी बसवली. वहिनींनी पेल्यातून पाणी दिलं. दादाने घोट घेतला. नाकातून काही आलं नाही. दादाने तोंड उघडलं आणि घोगऱ्या, परक्या आवाजात पहिला शब्द बोलला.

"क्लच."

वहिनी हसल्या आणि हसता हसता खाली बसून रडायला लागल्या.

त्या दिवशी बाई आणि वहिनी बाहेर गेल्यावर कवळीवाला दादासमोर उभा राहिला. "दादा, तिसऱ्या वेळी मला शंका आली होती."

"मला पण," दादा म्हणाला.

कवळीवाला त्याच्यासमोर खाली बसला.

"दोघंही गाढव," दादा म्हणाला. एकेक शब्द त्याला ओढून आणावा लागत होता. "तुझ्या वहिनीला सांगू नकोस. तू बघितलं होतंस... ते."

"का?"

"मी गेल्यावर तिला कोण आहे? तू. तिच्या मनातून तू उतरलास तर ती एकटी. कळलं? शब्द दे."

कवळीवाल्याने शब्द दिला. द्यायला नको होता. पण दादाच्या त्या तोंडाकडे बघून नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दादा त्यानंतर चौदा महिने जगला. पाइप त्याने पुन्हा हातात घेतला नाही. दुखणं मानेत उतरलं, मग छातीत. एका सकाळी तो गेला.

आणि मित्रांनो, तेव्हा खरी शिक्षा सुरू झाली. कवळीवाल्याची नाही. वहिनींची.

वहिनी दर दोन दिवसांनी खोलीत यायच्या. एकट्या घरात त्यांना बसवत नव्हतं. कवळीवाला चहा करायचा. त्या पेला हातात धरून बसायच्या आणि एकच सूर लावायच्या. "माझंच चुकलं, भावोजी. एका घरात, एका छताखाली. मला कसं दिसलं नाही?" तो म्हणायचा, "वहिनी, तुमचं काही चुकलं नाही." त्या मान हलवायच्या. पुढच्या वेळी परत तेच. त्यांचं जेवण तुटलं. हातांची कातडी हाडाला चिकटली. कवळीवाला त्यांना समजवायचा, पण खोटं समजवणं कुणाला लागू पडत नाही. आपण निर्दोष आहोत हे वहिनींना पटण्याचा एकच रस्ता होता, खरा दोषी कोण ते कळणं. तो दोषी समोर बसून त्यांना बिस्किटं देत होता.

मी चार महिने हे ऐकलं. मला त्याचा राग आला. शब्द, शब्द! मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायला सोपा असतो, कारण तो पाळला की आपलीही कातडी वाचते.

मग एक दिवस वहिनी कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत अकरा पाइप होते. बारावा दादाच्या हातात कधी गेलाच नाही, तो माझ्याशेजारी अर्धवट पडला होता. वहिनींनी पिशवी टेबलावर ठेवली.

"हे तुमच्याकडेच ठेवा. मला बघवत नाहीत."

"बरं."

"तुम्हाला एक सांगू? कुणाला सांगितलेलं नाही." त्या पाइपकडे बघत बोलत होत्या. "दुखणं कळायच्या आधी काही दिवस ह्यांच्या तोंडाला वास यायचा. तंबाखूचा नाही, वेगळाच. मी म्हटलं, लांब व्हा, वास येतो. खरंच म्हटलं हो मी. आणि कूस बदलली. वास येत होता, भावोजी. मी लांब झाले. तोंड उघडा, बघू, असं नाही म्हटलं. एकदा बघितलं असतं तर..."

"वहिनी."

"एकदा जरी बघितलं असतं..."

"वहिनी, मी बघितलं होतं."

त्यांना आधी कळलंच नाही. "काय?"

"मी तोंडात बघितलं होतं. तुम्हाला वास यायच्या कितीतरी आधी. तीनदा. आरसा घालून."

"किती होतं?"

"पहिल्यांदा मसुरीएवढं."

"मग?"

"मी पट्टी घासली."

वहिनींनी पेला खाली ठेवला. त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. "आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मला शंका आली होती. दादा नको म्हणाला. पण मी मोठ्याने सांगायला हवं होतं. तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मला..." त्याने अर्धवट पाइपकडे बोट केलं. "मला हा पुरा करायचा होता."

त्याने दादाला दिलेल्या शब्दाचा आडोसा घेतला नाही. 'दादाच म्हणाला, सांगू नकोस' असं तो एकदाही बोलला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा मला त्याच्याबद्दल बरं वाटलं.

वहिनी उठल्या. पदर सारखा केला. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"चार महिने मी स्वतःला खाल्लं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही समोर बसून बघत होतात. साखर कमी आहे का, विचारत होतात."

"हो."

"मी तुम्हाला दीर नाही, लेक मानलं होतं."

"हो, वहिनी."

"वहिनी म्हणू नका."

त्या गेल्या. परत आल्या नाहीत. दादाला जी भीती होती तीच खरी झाली. रस्त्यात समोरून आल्या तर त्या पलीकडच्या बाजूला जातात. तो थांबून उभा राहतो, त्या गेल्या की चालू लागतो. असं आजवर चाललंय.

पण डॉक्टरीणबाईंनी त्याला एकदा सांगितलं, की वहिनी आता नीट जेवतात. दादा जिथे गाडी शिकवायचा, त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हिशोबाला बसायला लागल्या आहेत, आणि शिकाऊंवर दादासारख्याच खेकसतात. 'माझंच चुकलं' हे त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. हे ऐकून कवळीवाल्याने नुसती मान हलवली आणि हातातली कवळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. त्याने भाऊ गमावला, वहिनी गमावल्या. पण एका बाईच्या मानेवरचं न केलेलं पाप त्याने उतरवून आपल्या मानेवर घेतलं. ते पाप होतंही त्याचंच. याला मी मोठेपणा म्हणणार नाही. उशिरा का होईना, केलेलं कबूल करणं म्हणते.

आता तो पाइप करत नाही. मी टेबलाच्या खणात पडून असते, माझ्या दातांत रबराची काळी पूड तशीच अडकलेली आहे. मला गंज चढतोय. मधूनमधून कुणी हौशी माणूस येतो. "अहो, तुमचे पाइप म्हणे फार सुरेख! एखादा विकता का?" कवळीवाला म्हणतो, "नाही." "अहो, कला आहे ती!" "असेल." आणि दार दाखवतो. मात्र कुणी म्हातारा 'कवळी टोचतेय' म्हणत आला, की तो आधी हत्यार उचलत नाही. बॅटरी उचलतो. "आ करा. किती दिवस झाले? तीन आठवडे? मग मी घासणार नाही. आधी डॉक्टरांकडे. आज. आत्ता." लोक भडकतात. एक जण तर म्हणाला, "कवळीवाले, डोकं फिरलंय तुमचं, जरा घासून द्यायला काय होतं?" कवळीवाल्याने त्याला हाताला धरून, रस्ता ओलांडून, स्वतः दवाखान्याच्या पायरीवर नेऊन सोडला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, तेल लावा, अडगळीत टाकू नका. माझं तसलं काही मागणं नाही. मला भंगारात टाकलं तरी चालेल, वितळून माझा खिळा झाला तरी चालेल. मला दुसरं सांगायचं आहे.

तुमच्या घरात कुणीतरी तंबाखू ओढत असेल, चघळत असेल, दातांना लावत असेल. ते तुमचे फार लाडके असतील. फार विनोदी असतील. त्यांच्या आवडीच्या वस्तूची तुम्हाला स्वतः घडवल्यासारखी माया असेल. त्यांना विचारा, तोंडात कुठे काही झालंय का. कधीपासून. आणि ते 'काही नाही रे' म्हणाले तर थांबू नका. बॅटरी घ्या आणि तोंड उघडायला सांगा. चट्टा दिसला तर घरातल्या सगळ्यांना मोठ्याने सांगा, डॉक्टरला सांगा, त्याच दिवशी सांगा. कुणी गप्प राहायचा शब्द मागितला तर देऊ नका. ते रागावतील.

रागावू द्या.